चार झोपा आणि दिल्लीची फाइल

१८ नोव्हेंबर २००२, अवसरी खुर्द
मच्छर अगरबत्तीवर बंदी येऊन आज आठवडा झाला. डास न चावू देणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे की नाही, हे कुठल्या कोर्टात विचारावं? तंबाखू आधीच बंद. देव्हाऱ्यातली उदबत्ती बंद, म्हणजे देवही माझ्याच रांगेत. डोक्याला लावायचं तेल वासाचं म्हणून कपाटात. कारण एकच, पलीकडच्या खोलीत सु.चे रेशीमकिडे. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्या तब्येतीची इतकी काळजी घेतलेली आठवत नाही. तसं म्हटलं तर म्हणाली, "तुमाला चावलं तर खाजतं. त्यांना धूर लागला तर मरत्यात."
लिहिता लिहिता खाजवतोय.
किड्यांची दुसरी झोप झाली. दर झोपेत कात टाकतात; चार झोपा, मग कोष. सु. बोटांवर मोजते.

२० नोव्हें.
दादा सकाळी ओट्यावर बसून बोलला. माझ्याशी, पण सु.ला ऐकू जाईल असं. तुतीचा एकर त्यानं तीन वर्षांच्या बोलीनं दिलेला. वाटण्या झालेल्या नाहीत, थोरला भाऊ तो, कसतो तो, त्यामुळे शब्द त्याचा. मागची दोन्ही पिकं चीनच्या स्वस्त रेशमानं मारली.
"ह्या पिकाला भाव आला तर तुती ऱ्हाईल. न्हाईतर संक्रांत झाली का ट्रॅक्टर घालणार बघ, मास्तर. कांदा लावू. कांदा मला कळतो."
सु. विळा घेऊन पाला कापायला गेली. दुपारी जेवताना, मी काही विचारलं नसताना, म्हणाली, "सातबाऱ्यावर माझं नाव न्हाई. रेशनकार्डावर तुमच्या खाली हाय. रेशीम हापिसाच्या कार्डावर मी एकटीच हाय."
मी आमटी वाढून घेतली.

२३ नोव्हें.
तिसरी झोप. दारातून पाहिलं. हजारो किडे डोकं वर करून जागच्या जागी थांबलेले. कुणीतरी एकदम हाक मारली आणि सगळे ऐकायला थांबले, असं. खोलीत हिरवा, ओला वास. सु. वरून चुना भुरभुरत होती, अनवाणी. मला खोकला आला तो बाहेर अंगणात जाऊन खोकलो. सरकारी इमारतीतही इतका अदबीनं वागलेलो नाही.
आठवीला आशियाचा नकाशा शिकवत होतो. काठी चीनवर ठेवली आणि तशीच राहिली. तिकडंही एक बाई असणार. तिचेही किडे झोपले असणार, तिचाही नवरा डासांना तोंड देत बसला असणार. ती सु.चा भाव पाडते, आणि तिला अवसरी माहीत नाही. तास संपल्याची घंटा झाली. काठी उचलली.

२९ नोव्हें.
चौथी झोप उतरली. आता नुसतं खाणं. पलीकडच्या खोलीत कुणी न थांबता वर्तमानपत्राची पानं उलटतंय, असा आवाज दिवसभर. मी त्याच आवाजात पुण्याच्या पेपरचं रविवारचं सदर लिहिलं. अमेरिकेनं पोलादावर कर लावला, युरोप म्हणतो मग आम्ही तुमच्या संत्र्यांवर लावू. पोलादाचं भांडण, आणि रडायचं संत्रीवाल्यानं. आपल्याकडे तर चीनचा धागा येऊ नये म्हणून शेतकऱ्याचा अर्ज, यावा म्हणून विणकऱ्याचा अर्ज, आणि दोन्ही एकाच टेबलावर.
सु.ला वाचून दाखवलं. पाला टाकता टाकता ऐकलं. "मग टेबलवाला काय म्हणतो?"
ते मी लिहिलं नव्हतं.

७ डिसें.
किडे पिकले. हा तिचाच शब्द. अंग आरपार दिसायला लागतं, पिवळसर, उन्हाकडे धरलेल्या द्राक्षासारखं. खायचं थांबतात आणि डोकं हलवत काहीतरी शोधायला लागतात. एकेक उचलून चंद्रिकेवर सोडायचा. चंद्रिका म्हणजे बांबूची गोल चटई, तिच्यावर पट्ट्यांचं चक्र. संध्याकाळपर्यंत दोघं उचलत होतो. माझी बोटं जाड, म्हणून मला सुस्त किडे दिले.
एक बराच वेळ पाहिला. स्वतःभोवती भिंत घालत होता. आधी भिंतीतून दिसत होता, मग धूसर, मग नाहीच. सु. शेजारी उभी. "गेला," म्हणाली. लेकीला सासरी पाठवताना असाच आवाज लागला होता तिचा.

१३ डिसें.
कोष उतरवले. पिवळे, हलके. पोत्यात भरले तरी पोतं रिकामंच वाटतं.
आण्णा आला. कर्नाटकातून टेम्पो घेऊन येतो, मंचरला थांबतो, इकडचे सगळे कोष तोच नेतो. मूठभर कोष हातात घेतले, दाबले, आणि जो भाव सांगितला तो ऐकून दादा नुसता हसला.
आण्णा म्हणाला, "मैं क्या करूं, मास्तर. उभ्या धाग्याला विणकर चीनचाच माल मागतात. सरळ असतो, तुटत नाही. आपला आडव्यात जातो. आडव्याचा भाव आडवा."
सु. म्हणाली, "तिकडची बाई काय सोन्याचा पाला घालती का?"
"चांगला घालते, ताई. तेवढं खरं."
तेव्हा मी तोंड उघडलं. सकाळीच पेपरात वाचलेलं, चीनच्या रेशमावर कर बसवायची चौकशी दिल्लीत चालू आहे. कर बसला की भाव चढणार. म्हटलं, आज देऊ नका.
दादाला ते पटलं. "मी कांदा तीन-तीन म्हैने चाळीत ठिवतो. यापारी पाया पडत येतो. माल आपला, मग घाई का आपली?"
"दादा, कांद्याला पंख फुटत न्हाईत," सु. म्हणाली. "आत जीव हाय. कोष झाल्यापून बारा दिस, थंडी हाय म्हणून पंधरा. मग पाखरू भोक पाडून भाईर येतं. भोक पडलं का धागा तुटला, ते कोष कुणी घेत न्हाई."
"म्हंजी आजून आठवडा हाय की. आठवड्यात दिल्ली हालती का न्हाई, इचार मास्तरला."
तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हालेल.
आण्णा टेम्पो घेऊन गेला. बावीस-तेवीसला परत फिरतो म्हणाला.

१५ डिसें.
सदर पोस्टात टाकलं. फार दिवसांनी एका बैठकीत झालं. आंबेगाव तालुक्यातली एक बाई पिवळ्या कोषांचं पोतं दारात ठेवून चीनला सांगते, तुझ्या भावानं मी देणार नाही. शेवट तर असा जमलाय की स्वतःच दोनदा वाचला. येत्या रविवारी छापून येईल.
सु.ला दाखवलं नाही. छापल्यावर देईन.

१८ डिसें.
पुण्याला पेपरातल्या मित्राला फोन. विचारलं, कराचं काय?
"फाइल वर गेलीय."
"वर म्हणजे कुठं?"
"वर."
सु. रोज सकाळी एक कोष कानाशी धरून हलवते. आत खुळखुळतं तोवर ठीक. मलाही ऐकवला. लहान खडा असल्यासारखं काहीतरी, आणि त्यामागे थोडा वेळ काहीच नाही. डोळे मिटून ऐकलं तर दूरचं वाटतं, कुणाच्या तरी दुसऱ्याच्या घरातलं.
"काय म्हणली दिल्ली?"
"वर गेलीय."
"हां," म्हणाली, आणि कोष पोत्यात टाकला.

२१ डिसें. शनिवार
सकाळी तिनं कोष हलवला, दुसरा हलवला, एकातही खुळखुळ नाही, मग चपला घातल्या. "मंचरला चला. भट्टीवाल्या रहीमभाईंकडं."
रहीमभाई म्हणजे मंचरचे पाववाले. आठवड्याचे पाव तिथूनच घेतो, ओळख पंचवीस वर्षांची. मला वाटलं ही पाव आणायला निघाली. स्कूटरवर मागे पोतं धरून बसली. कोष गरम हवेत सुकवले की आतला जीव मरतो, मग महिनाभर ठेवले तरी चालतात. रेशीम खात्याच्या प्रशिक्षणात शिकली होती. कर्नाटकात त्यासाठी वेगळी यंत्रं असतात म्हणे. आपल्याकडे रहीमभाई.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दाढी खाजवली. "ताई, माझ्या भट्टीत आजवर जिवंत गिऱ्हाईक आलेलं न्हाई." मग पावाचे पत्रे पुसून दिले.
सकाळचे पाव निघाल्यावर उतरती आच. सु. उघडा हात आत घालून आकडे मोजायची, कितीला हात सोसत नाही त्यावरून पत्रा आत. रहीमभाई तिच्याकडे कारागिरानं कारागिराकडे पाहावं तसे पाहत होते. काही वेळानं ते विचारायचे आणि ती सांगायची. मी पत्रे धरायला.
एका वेळी थोडेच मावतात. अर्धं पोतं झालं आणि आच बसली. उद्याच्या पावासाठी पीठ मळायची वेळ. ते म्हणाले, पीठ राहू द्या, पुन्हा पेटवतो. सु.नंच नको म्हटलं. "तुमचा धंदा बुडवून माझा कशाला? बाकीचे उद्या."
परत येताना हायवेला पेठ गावाकडून येणारे ट्रक. ती मागून काहीतरी बोलली, वाऱ्यात ऐकू आलं नाही. विचारलं तर म्हणाली, काही नाही.

२२ डिसें. रविवार
जाग आली ती कसल्यातरी फडफडीनं. फडफडसुद्धा नाही, श्वास. पलीकडच्या खोलीत पांढरी पाखरं. पोत्यावर, भिंतीवर, चंद्रिकांवर, सु.च्या खांद्यावर. उडत नव्हती, उडता येत नाही त्यांना. पंख थरथरवत नुसती चालत होती. सूर्य उगवत होता आणि खोली आतून हलत असल्यासारखी. माझ्या बावन्न वर्षांत इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही, आणि ते आमचं अर्धं पीक होतं.
सु. भिंतीला टेकून बसलेली. "तोंडच नसतं त्यांना," म्हणाली. "खात न्हाईत, पीत न्हाईत. चार-पाच दिसांत जात्यात."
माझं उलट. तोंडच तेवढं आहे.
नवाच्या यष्टीनं पेपर आला. सदर छापलेलं, चौकटीत. दोन फोन आले. पेठचा एक जण म्हणाला, वैनींना सलाम सांगा. सांगितला नाही. पेपर घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला तो तिनं मागितला. उभ्यानं वाचला, शेवटापर्यंत.
"ही बाई बरी हाय," म्हणाली. "हिला पंखाचं ठावं न्हाई."
दादा आला, दारात उभा राहिला, आत आला नाही. एक पाखरू त्याच्या मुंडाशावर चढलं, ते त्यानं हळूच उतरवून चौकटीवर ठेवलं. मग गेला.

२४ डिसें.
आण्णा आला. सुकवलेले कोष त्याच भावानं घेतले. भोक पडलेले कोषही किरकोळीत नेले, जाडंभरडं सूत होतं म्हणे. जाताना म्हणाला, "ताई, पुढचं पीक कधी?"
सु.नं दादाच्या घराकडे पाहिलं. आण्णालाही समजलं असावं. टेम्पो चालू केला.

२ जानेवारी २००३
शाळेतून येताना हायवेवरच्या हॉटेलात चहा. मालकाला सहज विचारलं, मिसळीबरोबर ब्रेड का? पाव कुठं गेले?
"रहीमभाईचे त्या रविवारी परत धाडले की. बोंबलाचा वास मारत व्हते. कुणालाच चालले न्हाईत. तवापून दुसरीकडून घेतो." मग हसून, "काय भाजलं व्हतं त्यांनी, देव जाणं."
चहा अर्धा ठेवला. उठून भट्टीवर गेलो. विषय काढला तर रहीमभाई म्हणाले, "ते व्हय? पीठच खराब व्हतं." पैशाचं नुसतं नाव काढलं तर, "गुरुजी, तुमी पाव घ्यायला आलाय का भांडायला?"
घरी सु.ला सांगितलं नाही. रात्री तिच्याच बोलण्यातून कळलं, तिला त्याच रविवारपासून माहीत होतं.

१५ जाने.
काल संक्रांत झाली. दादानं तिळगूळ दिला, सु.च्या हातावर दोन. ट्रॅक्टरचं नाव काढलं नाही. मी काढलं, न राहवून.
"पेठंला गेलाय कामाला."
"कधी येणार?"
"यील." मग जमिनीकडे बघत, "ठिव म्हणणारा मी बी व्हतोच की, मास्तर."
दिल्लीचं कळलं ते एवढंच. कर बसेल असं म्हणतात, किती आणि केव्हा ते ठरायचं आहे. विणकरांनी नवा अर्ज केलाय.
नकाशावरची ती बाई परवा स्वप्नात आली. कोष कानाशी धरून बसली होती, आणि तोंड सु.सारखं.

१८ जाने.
सु. पहाटेच तुतीत गेली. पाहिलं तर छाटणी चाललेली. मुळासकट काढायची असती तर खालून खणली असती. ती वीतभर खोड ठेवून कापत होती. छाटली की नवा पाला यायला दोन महिने लागतात. दादाला विचारलंस का, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही. दादाची बायको बांधावरून बघून गेली, म्हणजे एव्हाना त्याला कळलं असणार. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. थांबवायलाही नाही आणि मदतीलाही नाही.
काड्यांचा ढीग झाला. "जळतात बऱ्या," ती म्हणाली, पाठ न वळवता.
मोळ्या बांधल्या. स्कूटरवरून मंचरला भट्टीवर चार खेपा केल्या. रहीमभाई उधारी गोळा करायला गेले होते, दुकानावर त्यांची बहीण होती. तिला म्हटलं, मागच्या भिंतीला लाकडं लावतो, कुणी दिली ते भावाला सांगायची गरज नाही. ती बघत राहिली. उभ्या रचल्या, पडू नयेत अशा. शेवटच्या खेपेनंतर हात धुतले, पाव घेतले आणि रोजच्यासारखे पैसे दिले.
पेठच्या बाजूनं एक ट्रॅक्टर येत होता. कुणाचा ते लांबून दिसलं नाही.