चौदा किलो

मोशी,
१६ जून २०२५

आम्रपालीस,

जय भीम. मी बरी आहे. गुडघा दुखतो, तो दुखणारच. फोनवर मी तुला बोलूच देत नाही, म्हणून लिहिते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून घे.

मागं तू नेहाला चाकणला न्यायचं म्हणालीस, तेव्हा मी म्हटलं, तिथली अंगणवाडी सदा बंद, इथली चांगली. तिथली मी बघितलीच नव्हती. परवा तू ड्युटीवर असताना पोरीला घेऊन बसनं गेले. तुझ्या शेजारच्या पूनमला गप्प बस म्हटलं होतं. बसलेली दिसते.

पत्र्याची खोली आहे. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीला फरशी आहे, भिंतीवर मोर काढलेत. खिचडी दोन्हीकडं सारखीच, पिवळी आणि पातळ. म्हटलं, बघ, आपलीच बरी.

तेवढ्यात तिथल्या ताईनं नेहाला काट्यावर उभं केलं. साडेअकरा किलो.

मी म्हटलं, "काटा बिघडलाय तुमचा. आमच्याकडं चौदा आहे."

"मावशी, तुम्ही उभ्या राहा बरं."

राहिले. बावन्न. दवाखान्यात भरले होते तेवढीच.

आपल्याकडचा काटा होळीपास्नं मोडलाय. बाई दर महिन्याला विचारते, "आजी, किती लिहू?" मी चौदा सांगते. कमी सांगितलं तर लोक म्हणतील, लेक गेला आणि म्हातारीनं नात उपाशी ठेवली. आणि तू लगेच न्यायला आली असतीस.

उपाशी ठेवत नाही मी. ती जेवत नाही. दोन घास खाते आणि दाराकडं तोंड करून बसते. तू रविवारी आलीस की पोटभर खाते, म्हणून तुला कळलं नाही. मला कळत होतं. मी म्हणायचे, शेखरची वाट बघते, बाप आठवतो. परवा बस सुटली तशी म्हणाली, "आईचं घर मागं गेलं." पुढं मोशीपर्यंत मागच्या काचेकडं तोंड करून बसली.

आज तो चौदाचा आकडा खोडायला लावला. इथलं नाव काढून चिठ्ठी घेतली, सोबत आहे. तिकडची ताई नाव घालते म्हणाली. तुझी शिफ्ट सुटेपर्यंत पूनम सांभाळेल, विचारलंय. भाकरी दुधात कुस्करून दे. चपातीला तोंड लावत नाही.

या रविवारी तू येऊ नको. घरीच थांब, आम्ही दोघी येतो. माझं जेवण धरू नको. दुपारच्या बसनं मी एकटी निघेन.

तुझी सासू,
भिमाबाई