अळणी कोण जेवलं

रवि. ५ फेब्रु. ७८, हसनाबाद
मंगल आल्ती. आपली ही लेक औरंगाबादेत एम.डी. करते, विषय मीठ, मूत्रपिंड अन् रक्तदाब. माझा दाब वाढल्यापासून दोन महिने अळणी चालू. तिनं प्लास्टिकचे दोन मोठे डबे दिले, एक माझा, एक सुमनचा. चोवीस तासांची लघवी साठवायची. खाल्लेलं मीठ त्यात उतरतं म्हणे. सुमनची कशाला? "आई नेहमीचं खाते ना. ताडून बघायला." सुमन म्हणाली, "पोरीला शिकवलं त्याचं हे फळ." पण डबा घेतला.

सोम. ६
शाळेला रजा. डबे भरणं चालू. दुपारी जरा स्टँडवर चक्कर.

मंगळ. ७
डबे घेऊन सकाळची एस.टी. कंडक्टर : "गुरुजी, तेल असंल तर लगेज पडंल."
"तेल न्हाई, लघवी आहे."
औरंगाबादपर्यंत शेजारी कुणी बसलं न्हाई. पाय पसरून गेलो.

रवि. १२
मंगल आली, तोंड उतरलेलं. "बाबा, डब्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या बदलल्या का?" माझ्या डब्यात मीठ भरपूर, सुमनच्यात नावाला. दोन्ही नमुने फेकून द्यायला निघाली होती. मंग सांगावंच लागलं. स्टँडवरची भजी, मीठ लावलेल्या तळल्या मिरच्या. मधल्या सुट्टीत मीठ-तिखटाचा पेरू. जवळपास रोज.
सुमननं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "चिठ्ठ्या बराबर हायेत. मी तुमच्याच भांड्यातलं खाते. तुम्ही अळणी गिळायचं अन् मी समोर बसून चवीनं खायचं, जमलं न्हाई मला."
  मंगल मात्र खूश, लगेच वही काढली. मीठ कमी पडलं की मूत्रपिंड रेनिन नावाचं एन्झाइम रक्तात जादा सोडतं. त्यानं पुढं नसा आवळतात, दाब टिकतो. मीठ जास्त असलं की रेनिन कमी. पण सगळ्यांचं सारखं न्हाई. कुणाचं कसं, तेच तिला शोधायचंय. "आईचं वाढलेलं असणार," म्हणाली. परत जाताना दोघांना सोबत नेणार, रक्त द्यायला.

रवि. २६
दोन आठवडे खरोखर अळणी. पहिले चार दिवस मेथी गवतासारखी लागली. पेरूवाली विचारते, "गुरुजी, मीठ सोडलं का माझ्यावर रागावलात?"
मंगलनं दाब मोजला. वरचा आकडा एकशेसत्तर होता, आज एकशेअठ्ठावन्न. मिठामुळंच का? "एवढ्यात सांगत न्हाई. रक्ताचा रिपोर्ट मुंबईहून यायचाय." सुमनचा दाब बिलकुल ठीक. तिला म्हणाली, "आई, तू तरी आता मीठ खा."
"बघू."
संध्याकाळी चुलीपुढं मीच बसलो. भाजी दोन भांड्यांत केली, एकात मीठ टाकून सुमनला वाढली. तिनं पहिला घास बराच वेळ चघळला.
"खारट झालीय."
मीठ जास्त पडलं का तिची जीभच बदलली, कळेना. चाखायला हात पुढं केला, तर तिनं ताट ओढून घेतलं.