वरात नव्हे, मूव्हिंग स्टेज

३ डिसेंबर
ठरलं. लोणावळ्याच्या एका मोठ्या रिसॉर्टला डान्सर हवेत. आधी थर्टी फर्स्टचा शो, मग पर्मनंट. इकडं आबांनी तळेगावच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकलाय. एक जानेवारीला जॉइनिंग. म्हणाले, तोवर काय नाचायचं ते नाच, मंग गप कामाला लाग. मला कंपनी? सोमाटण्यात वरात निघाली की लोक नवरदेव सोडून माझ्याकडं बघतात! एका नवरदेवानं तर तक्रार केली होती.
उद्या रेझ्युमे पूर्ण करायचाच.

४ डिसेंबर
नाव लिहून झालं. फोटो निवडण्यात दिवस गेला. प्रत्येक फोटोत शेजारी कुणाचा तरी मामा नाचतोय.

६ डिसेंबर
दणक्यात काम झालं. 'वरात' फारच किरकोळ वाटतं, म्हणून 'मूव्हिंग स्टेज परफॉर्मन्स' लिहिलं. हळद म्हणजे 'प्री-वेडिंग शो'. उर्से गावातल्या लग्नाला दुबईचा पाहुणा होता, म्हणून 'इंटरनॅशनल ऑडियन्स'. यात खोटं एक अक्षर नाही.
धाकटी बहीण स्नेहल वाचून म्हणाली, दादा, तू स्टेजवर कधी नाचलास? काय पण प्रश्न! रस्ता स्टेजपेक्षा मोठाच असतो की.
तीही अर्ज करतेय. म्हटलं, कर बाई, अनुभव येईल. तिचा रेझ्युमे अर्धं पान. चक्क लिहिलंय, मोबाइलवर बघून शिकले, स्वयंपाकघरात सराव करते. कीव आली.

९ डिसेंबर, सकाळी
घात झाला. रेफरन्स म्हणून संदेशचा नंबर दिला होता. त्याची वरातीत वाजवणारी बेंजो पार्टी आहे, मी 'डायरेक्टर, लाइव्ह एंटरटेनमेंट' लिहिलं. रिसॉर्टचा फोन गेला तेव्हा हा टेम्पोत स्पीकर चढवत होता. त्यानं सांगितलं म्हणे, ओंक्या ना? लय भारी! गाडीम्होरून हटतच न्हाई, पोलिसांनी सांगितलं तरी न्हाई.
संपलं सगळं.

सायंकाळी
ऑडिशनला बोलावलं! दोघांनाही! संदेश माणूस म्हणून पहिल्यापासूनच चांगला.

१२ डिसेंबर
आजपासून कडक सराव ठरला होता. पण संदेश नाही, बेंजो नाही. मोबाइलच्या आवाजावर अंगात येत नाही. विश्रांती हाही सरावच. स्नेहल ओट्याशेजारी नाचतेय. पातेलं पाडलं, आईच्या शिव्या खाल्ल्या, तरी थांबेना.

१३ डिसेंबर
आबांनी कंपनीसाठी काळे बूट आणून दारात ठेवले. मी घालून बघितले नाहीत. माझ्या मापाचे आहेत.

१४ डिसेंबर
हॉल गारठलेला. समोर टेबलामागं मॅडम. पण गाणं लागलं आणि मग आपण कुणाचे! डोळे मिटून सुटलो. आता, वरातीत एका जागी नाचलं की मागून टेम्पो टेकतो. पुढं सरकत राहायचं, हे आमच्या हाडात मुरलंय. सरकलो. डोळे उघडले तर मॅडम मागं, टेबल मागं, मी दाराबाहेर लॉबीत. आत गाणं चालूच. परत जावं का? पण वरात कधी मागं फिरते का!
नंतर स्नेहल गेली. चार फरशांत नाचली, पाय बाहेर नाही. त्यात काय एवढं?
आशा आहे. लॉबीपर्यंत पोचलेला मी एकटाच होतो.

१७ डिसेंबर
स्नेहलला घेतलं. मला मेल आला. 'बेस्ट विशेस' लिहिलंय, म्हणजे नकार.
बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. आई बाहेरून ओरडली, टाकी रिकामी व्हईल.
आबा स्नेहलला म्हणाले, जा, पण दादा सोडंल आन् दादाच आणंल, न्हाईतर न्हाई. सगळे माझ्याकडं बघत बसले. तिचे डोळे भरलेले. म्हटलं, आणीन की.

२० डिसेंबर
रिहर्सलचा पहिला दिवस. गाडीवरून गेटवर सोडताच स्नेहल आत पळाली. मनात आलं, ऐन वेळी कुणाचा तरी पाय मुरगळतोच, आपण आत असलेलं बरं. आत निघालो. वॉचमननं अडवून विचारलं, कोण?
ताठ उभा राहून सांगितलं, डान्सर.
तो म्हणाला, त्या ताई व्हय, त्या मघाशीच आत गेल्या. तुमी गाडी तिकडं झाडाखाली लावा.
लावली.