मोठी गाडी दिली त्या दिवशी

शनिवार, १३ ऑक्टोबर १९८४
चँडलर

आज झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली ती मोटरहोम देऊन टाकली आणि बदल्यात छोटी व्हॅन घेतली. मुलं कॉलेजला गेली, दोघांना एवढी मोठी गाडी कशाला, हे मलाही पटलं होतं. मग एवढा संताप का होतोय?

त्या सेल्समनमुळे. इतकी वर्षं ती गाडी मी चालवली. ह्यांना तिची धास्तीच वाटायची, म्हणून हे नकाशा घेऊन शेजारी बसायचे. आणि तो ह्यांच्या हातात किल्ली देऊन म्हणतो, "ही छोटी आहे, मिसेससुद्धा चालवू शकतील." मी तिथेच उभी होते! हे नुसते हसले. "मोठीही तीच चालवायची," एवढं म्हणायला काय झालं होतं?

येताना हेच चालवायला बसले. "ही मला जमेल. तू आता आराम कर." आराम कोणी मागितला होता? फ्लॅगस्टाफला जाताना डोंगरातला तो चढ, मुलं मागे गाढ झोपलेली आणि स्टिअरिंग माझ्या हातात. तेव्हा किती बरं वाटायचं मला! ह्यांना कधी सांगितलंच नाही का मी?

ते हसणं काही डोक्यातून जाईना. जेवताना शेवटी विचारलंच, "तुम्ही त्याला सांगितलं का नाही?"

भात चिवडत म्हणाले, "लाज वाटली गं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, शेजारी बसायचं ह्यांना काहीच वाटत नाही.