म्हशींच्या वाटेनं नगरला

घोडेगाव,
१७ नोव्हेंबर १९९६

ती. भीमराजदादास,
धाकट्या वृषालीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

सीमावहिनीनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी आईनं एकटीनं संपवली आणि आळ माझ्यावर घातला, हे आधी वहिनीला सांग.

आता मोठी बातमी. दादा, मला नोकरी लागली! नगरच्या एका शाळेत, कार्यालयात टायपिंगचं काम. दोन डिसेंबरला हजर व्हायचंय. पोलिओ आहे हे अर्जात स्पष्ट लिहिलं होतं, तरी घेतलं. आईनं गल्लीभर साखर वाटली. मग आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो, कारण रोज जायचं कसं?

बसच्या तिकिटात आम्हा अपंगांना सवलत आहे, पायरीत नाही. म्हणून काल सहादेवच्या काळ्या-पिवळ्या जीपनं जाऊन बघितलं. त्यानं आणि आणखी एकानं मला उचलून पुढं बसवलं, चाकाची खुर्ची टपावर बांधली. नगरला पोचल्यावर मला उचलून रसवंतीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि घाईघाईत खुर्ची टपावर तशीच घेऊन गेला की! खुर्ची श्रीगोंदा फिरून आली आणि मी कट्ट्यावर पोत्यासारखी बसून. संध्याकाळी बिचारा कान धरून माफी मागत आला. हसू नकोस. हसलास ना?

खरं सांगू, खुर्ची गेल्याचं एवढं वाटलं नाही. उचलताना एकजण काखेत धरतो, दुसरा पायाला, आणि दोघं माझ्या डोक्यावरून गप्पा मारतात. त्याचं फार वाईट वाटतं. हे रोज कसं सोसायचं? काही तरी सुचव.

जीव लावतोस तसाच लावत राहा.
तुझी,
वृषाली


संगमनेर,
२२ नोव्हेंबर १९९६

चि. वृषाली हिस,
दादाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र डेअरीच्या धक्क्यावरच फोडलं. टेम्पो येऊन टेकतो त्या ओट्यावर, दुधाचे कॅन बाजूला ठेवून चक्क नाचलो. मुकादमाला वाटलं मला लॉटरी लागली. मी सांगितलं, त्याहून मोठं काहीतरी लागलंय. जीपचं वाचून हसलो, त्यावर सीमा माझ्यावर ओरडली, आणि मग पुन्हा वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

सुचवायचं काय त्यात? मी येतो. नोकरी सोडतो. इथं कायम व्हायची वेळ आलीय हे खरं, पण तुला शाळेत कुणी नेलं? परीक्षेला कुणी नेलं? माझ्या पाठीवर बसून मानेवर बोटानं पाढे लिहायचीस आणि चुकलीस की मलाच चिमटा काढायचीस, विसरलीस? परक्यांनी तुला कशीही उचलायची आणि मी इथं कॅन उचलत बसायचं, हे माझ्यानं होणार नाही. सीमा भांडी मात्र जोरात आपटते. ते चालायचंच.

आईची काळजी घे. मी आलोच समज.
तुझा,
भीमराज


घोडेगाव,
२६ नोव्हेंबर १९९६

ती. दादास, सप्रेम जयभीम. वि. वि.

तू नोकरी सोडलीस तर मी माझ्या नोकरीवर जाणारच नाही. हे आधी वाच, बाकीचं मग. माझ्यापायी वहिनीच्या संसाराचा खेळखंडोबा मला नकोय.

गेल्या शुक्रवारी इथला बाजार भरला होता. मी दारात बसून जनावरं टेम्पोत चढवताना बघत होते. तो मातीचा चढ तुला माहीत आहे. वरच्या टोकाला टेम्पो पाठमोरा लावतात आणि जनावर सरळ चालत आत जातं. एक म्हैस अशी रुबाबात शेपूट हलवत गेली! तिला कुणी काखेत धरलं नाही. दादा, मला चक्क त्या म्हशीचा हेवा वाटला. आणि मग डोक्यात आलं, चाकांना तरी दुसरं काय लागतं?

मच्छिंद्रचा दुधाचा टेम्पो रोज सकाळी नगरच्या डेअरीला जातो आणि संध्याकाळच्या फेरीनंतर रिकामे कॅन घेऊन परत येतो. तो सकाळी त्या चढाला लावला की चाकं ढकलत मी खुर्चीसकट सरळ आत. त्या डेअरीलाही तुझ्याकडच्यासारखा धक्का आहे, हातगाडीसाठी उतार आहे, आणि शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. अरे, जन्म धक्क्यावर चाललाय तुझा, तुला कसं नाही सुचलं? मच्छिंद्र आधी म्हणाला की टेम्पो दुधाचा आहे, माणसांचा नाही. मग मान खाजवून म्हणाला की दूध हिंदकळू नये म्हणून तो सावकाशच चालवतो, तेव्हा मीही हिंदकळणार नाही.

आई मात्र बिथरलीय. ती सांगते तसं लिहिते:

भीमा, ही पोर जनावराच्या वाटंनं जायचं म्हन्ते. लोकांनी आपल्याला जनावरागत वागवलं, म्हनून तर मी हिला शिकवली. आन आता हीच म्हशीमागं निघाली व्हय? तू ये आन हिला समजाव. माझं आयकत न्हाई, लई हट्टी हाय.

झालं तिचं. मी तिला सांगितलं की उचलून नेतात ते सामान. चढावर माझा हात माझ्या चाकावर असेल. ती उठून चुलीपाशी गेली. दादा, एक महिना थांब. एवढं ऐक.

रागावलास तरी माया कमी करू नकोस.
तुझी,
वृषाली


घोडेगाव,
८ डिसेंबर १९९६

ती. दादास, सप्रेम जयभीम. वि. वि.

जमलं रे, जमलं! पहिल्या दिवशी अर्ध्यावर थांबून दम घेतला, पण चढले. मच्छिंद्रनं कॅनच्या दोरीनं खुर्ची बांधली आणि मी दुधाच्या वासात, राणीसारखी नगरला पोचले. शाळेतल्या बाईंनी विचारलं कशी आलात, मी म्हटलं दुधाबरोबर.

आईचं ऐक. पहिल्या दिवशी ती घरातून बाहेरसुद्धा आली नाही. दुसऱ्या सकाळी मी बाजारतळावर पोचते तर काय! चढ लख्ख झाडलेला, शेण उचललेलं, आणि दोन्ही कडांना चुन्याची रेघ, अंधुक उजेडात माझं चाक कडेला जाऊ नये म्हणून. आई खराटा घेऊन बाजूला उभी. म्हणाली की जन्मभर दुसऱ्यांची अंगणं झाडली, ही वाट माझ्या लेकीची हाय. मला रडूच कोसळलं. तिचे उपकार कसे फेडू, सांग.

शुक्रवारी तर रांग होती. माझ्यापुढं एक धिप्पाड म्हैस. व्यापारी म्हणाले की बाईंना आधी जाऊ द्या. मी म्हटलं, नंबर तिचा आहे. लोक हसले, मीही हसले. आयुष्यात पहिल्यांदा रांगेत थांबले, दादा. फार बरं वाटलं.

आता तरी नोकरीवर टिकून राहा.
तुझी,
वृषाली


संगमनेर,
२२ डिसेंबर १९९६

चि. वृषाली हिस, दादाचा जयभीम आणि आशीर्वाद.

एक सांगायचं राहिलंय. परवा शुक्रवारी मी तिथं होतो. तुझ्या पत्रावर माझा विश्वास नव्हता. तू माझ्यासाठी खोटं लिहितेस असं वाटत होतं. म्हणून राजीनामा खिशात घालूनच आलो आणि चढाच्या बाजूच्या चिंचेमागं थांबलो.

तू आलीस. चुन्याच्या रेघांमधून वर निघालीस. अर्ध्यावर खुर्ची अडली आणि मागं सरकली. माझे हात आपोआप पुढं झाले, एक पाऊलही पडलं. तेवढ्यात तू लिहिलेलं ते काखेत धरण्याचं आठवलं. हात खिशात कोंबले. रोज भरलेले कॅन उचलतो मी, पण तुला न उचलण्याइतकं जड काम कधी केलं नव्हतं. तू ओठ चावून चाक धरलंस, श्वास घेतलास आणि वर गेलीस. टेम्पो निघून गेल्यावर हात बाहेर काढला, तर राजीनाम्याचा पार बोळा झाला होता. तो तिथंच चिंचेखाली टाकला.

सीमाचं भांडी आपटणं थांबलंय. मच्छिंद्रला माझा जयभीम सांग, आणि आईच्या पाया पड माझ्या वतीनं. चुना मला नसता सुचला.

तुझा,
भीमराज


घोडेगाव,
२६ डिसेंबर १९९६

ती. दादास, सप्रेम जयभीम. वि. वि.

चिंचेमागं लपलास, पण पोट बाहेर होतं! मी खालूनच पाहिलं होतं तुला. खुर्ची मागं सरकली तेव्हा तुला हाक मारायला तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात तू हात खिशात घातलेस. मग तोंड मिटलं आणि चाक ओढलं.

लहानपणापासून तू मला उचलत आलास, त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. भावाचे कसले मानायचे? पण त्या शुक्रवारी उचललं नाहीस, त्याचे मात्र मानते, दादा. अगदी मनापासून.

येत्या रविवारी वहिनीला घेऊन ये. स्टँडवर तुम्हाला न्यायला मी येते. पिशव्या माझ्या मांडीवर ठेवायच्या, नाही म्हणायचं नाही.

वाट बघते.
तुझी,
वृषाली