दारापलीकडची मोजदाद

प्रिय ताई,

हे पत्र मी आधी कच्चं लिहिलं, दोनदा वाचलं आणि आता पक्कं उतरवतो आहे, त्यामुळे वळणदार अक्षर बघून हसू नकोस. फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. गेल्या रविवारी तू विचारलंस, घरबसल्या इतकी चांगली मिळकत असताना सुखाचा जीव दुःखात कशाला घालतोस, आणि मी "सांगतो नंतर" म्हणून विषय हवापाण्यावर नेला. तूही तेच केलंस. ऑपरेशनची तारीख नक्की का, असं मी विचारलं, तर म्हणालीस, शाळेचे गणवेश शिवायला आलेत, ते उरकले की बघू. दोनदा पुढे ढकललेली तारीख आता पुढच्या महिन्याच्या पाचवर आली आहे आणि तुझं हिमोग्लोबिन आठवर. शिवाय मला तू नुसतं "पोटाचं ऑपरेशन" एवढंच सांगितलंस. अगं, मी सात वर्षं हेच टाइप करतो आहे. गर्भाशयातल्या गाठी हे शब्द मी बहुधा तुझ्या डॉक्टरांपेक्षा जास्त वेळा लिहिले असतील. माझ्यापुढे लाजू नकोस. पण त्यावरून आज तुझ्या मागे लागत नाही, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

माझं काम तू पाहिलं आहेस. खिडकीपाशी टेबल, कानात हेडफोन, पायाखाली पॅडल. डॉक्टर तपासणी झाली, ऑपरेशन झालं, की जे केलं ते बोलून रेकॉर्ड करून ठेवतात. ते माझ्याकडे येतं, मी ऐकतो, पॅडल दाबून मागे नेतो, पुन्हा ऐकतो आणि टाइप करतो. तुझ्या पायाखाली शिलाई मशीन, माझ्या पायाखाली हे, आपलं घर पायांवरच चाललंय, असं तू म्हणायचीस. नववीत शाळा सुटलेल्या मला हाताला धरून टायपिंगच्या क्लासात तूच बसवलंस. एखादा शब्द चुकला की मला जेवण जात नाही, हा माझा रोग तिथे गुण ठरला, आणि चुका निघत नाहीत म्हणून मला इतरांपेक्षा जास्त दर मिळू लागला. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. यकृत, प्लीहा, आतडं, पित्ताशय, यातला प्रत्येक शब्द मला अक्षर न् अक्षर पाठ होता आणि त्यातली एकही वस्तू मी कधी पाहिली नव्हती. समुद्र न पाहता बंदरांची नावं पाठ असावीत, तसं.

गेल्या वर्षी एका दुपारी असं झालं. एका पेशंटच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, डाव्या मूत्रपिंडात खडा. दुसऱ्या दिवशी व्हायच्या ऑपरेशनचं टिपण आलं, त्यात ते म्हणाले, उजव्या. मी अकरा वेळा ऐकलं. आमच्या कामाचा नियम असा की कानांवर पडेल तेच लिहायचं, आपली अक्कल चालवायची नाही. मी "उजव्या" असंच लिहिलं, बाजूला शंकेची खूण केली, आणि तिथे माझं काम संपलं होतं. पण बसवेना. मग आयुष्यात पहिल्यांदा त्या हॉस्पिटलला फोन लावला. आवाज इतका लटपटत होता की पहिल्या दोघांना वाटलं मीच पेशंट आहे, त्यांनी मला श्वास कसा लागतोय ते विचारलं. अखेर फोन ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टरांकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, थांबा म्हणाल्या आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून गेल्या. त्यांच्या चपला लांब जाताना आणि परत येताना मला ऐकू आल्या. म्हणाल्या, डावंच आहे, डॉक्टर बोलताना चुकले. मी विचारलं, मी फोन केला नसता तर? तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, तर आम्ही वॉर्डात पकडलं असतं, तिथून निसटलं तर दारात, आणि दारातून निसटलं तर टेबलावर. तीन वेळा विचारल्याशिवाय आम्ही सुरी हातात देत नाही, तुम्ही चौथे. मग त्यांनी माझं शिक्षण विचारलं. नववी, असं मी हळूच सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकदा येऊन बघा. आम्हाला शंका घेणारी माणसं लागतात."

ताई, कुलूप तीनदा ओढून पाहतो म्हणून मला आजवर सगळ्यांनी नावं ठेवली, तूसुद्धा. हा स्वभाव कुणाला हवा असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

गेलो. त्यांनी मला सकाळचा मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी टोपी, मास्क, अंगात दोन मापं मोठा हिरवा झगा. भिंतीवर एक पांढरा फळा होता आणि त्यावर लिहिणं हे माझं काम. पोट उघडल्यावर रक्त टिपायला गॉजच्या घड्या लागतात. त्या आत जाताना मोजायच्या, बाहेर येताना मोजायच्या, आणि दोन्ही आकडे जुळल्याखेरीज पोट शिवायचं नाही, कारण एक जरी घडी आत राहिली तर माणूस तिच्यापायी जाऊ शकतो. सिस्टर मोठ्याने आकडा म्हणणार, मी फळ्यावर लिहिणार. एवढंच. तेवढ्यात डॉक्टर जरा बाजूला सरकले आणि दिव्याच्या झोतात मला यकृत दिसलं. "यकृत गुळगुळीत, रंग प्राकृत", म्हणजे नेहमीसारखा, हे वाक्य मी किती हजार वेळा टाइप केलं असेल. ते इतकं चकाकतं हे त्या वाक्यात नाही. ते हलतं हेही नाही. दर श्वासाला ते फासळ्यांखालून जरासं बाहेर येत होतं आणि परत आत जात होतं. खाली आतडी आपली आपण सरकत होती, कुणी सांगितलेलं नसताना, मालकीण गाढ झोपलेली असताना. त्यांच्यामागे कुठेतरी एक ठोका होता, तो ऐकू येत नव्हता, दिसत होता. त्या बाई साठीच्या. आत येताना चष्मा काढून द्यायला तयार नव्हत्या, सिस्टरांशी चांगल्याच भांडल्या होत्या. आणि त्यांच्या आत हे सगळं साठ वर्षं एक क्षणही न थांबता चाललेलं होतं, त्यांना पत्ता नसताना. आपण सगळेच एवढं सोबत घेऊन रस्त्याने चालतो आणि सुट्ट्या पैशांवरून वाद घालतो, असं माझ्या मनात आलं.

आणि त्या बघण्यात सिस्टर "आणखी पाच" म्हणाल्या ते मी लिहायचं विसरलो. शेवटी फळ्यावर वीस आणि बाहेर आलेल्या पंचवीस. तुला वाटेल, जास्त निघाल्या तर बरंच झालं की. तसं नसतं. फळा एकदा चुकला म्हणजे त्याच्यावर विश्वास संपला. पंचवीस गेल्या की तीस, हे आता कोण सांगणार? सगळं थांबलं. हे डॉक्टर म्हणजे आवाजाने भिंती हलवणारा माणूस, ते हात छातीशी धरून गप्प उभे राहिले, एका नववी नापासाच्या फळ्यापायी. दोन सिस्टर कचऱ्याच्या डब्यातून घड्यांच्या बंडलांवरच्या कागदी पट्ट्या एकेक करून काढत होत्या. पाच पट्ट्या, प्रत्येकी पाच घड्या. पुन्हा मोजलं. जुळलं. नऊ मिनिटं गेली, मी घड्याळाकडेच बघत होतो, दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. हात धुताना मोठ्या सिस्टर शेजारी आल्या आणि म्हणाल्या, आधी लिही, मग बघ. मग म्हणाल्या, पहिल्या दिवशी सगळेच बघतात, मी तर बादलीत पाय घातला होता.

याला आता अकरा महिने झाले. सकाळी सात ते एक थिएटर, दोन ते आठ घरी टायपिंग. थिएटरमध्ये मिळतं ते टायपिंगच्या तिसऱ्या हिश्शाएवढंही नाही. मामांनी तर माझं नावच "बोळेमोजणी खातं" ठेवलं आहे. पंख्याखाली बसून पगार मिळत होता तो सोडून पोरगं चिंध्या मोजायला लागलं, असं ते भेटेल त्याला सांगतात. आता हॉस्पिटलने मला कायमची, पूर्ण दिवसाची जागा देऊ केली, तेव्हा मी त्यांना सांगितलं, सकाळचीच द्या. मी टायपिंग सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही. मामांना वाटतं ते पैशासाठी. तेही आहेच. पण टाइप करताना आता मी यकृत लिहितो तेव्हा ते हलतं, आणि ज्यांचे आवाज मी नुसते ऐकायचो त्यांचे हात मला दिसतात.

एक गोष्ट मात्र मामांना सांगितलेली नाही. तिसऱ्या महिन्यात एक माणूस आणला होता, अपघातातला, पोटात रक्त साठलेला. दोन तास सगळ्यांनी मिळून जे जे होतं ते केलं. मग भूल देणाऱ्या डॉक्टरांनी घड्याळात बघून वेळ सांगितली आणि यंत्राचा आवाज बंद केला. मला वाटलं, आता सगळे निघून जातील. मोठ्या सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मोज." मला कळेना. त्या म्हणाल्या, पेशंट गेला म्हणून आपलं काम संपत नाही. आम्ही मोजलं. अठ्ठेचाळीस घड्या, सगळ्या जुळल्या. डॉक्टरांनी त्याचं पोट शिवलं, आणि ताई, तुझी शपथ, जिवंत माणसाचं शिवतात तितकंच नीट शिवलं. सिस्टरांनी कोमट पाण्याने त्याचा चेहरा पुसला, बोटांनी केस सारखे केले. मग दार उघडण्याआधी त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "चला दादा, घरचे थांबलेत." डॉक्टर तोवर बेसिनपाशी हात धूत होते. धुऊन झालेले हात ते पुन्हा धूत होते. दाराशी गेले, थांबले, मान खाली घालून उभे राहिले आणि मग बाहेर गेले.

मी तिथे फळ्यापाशी उभा होतो आणि मला आई दिसली. पंधरा वर्षं मी समजत होतो की तिच्या ऑपरेशनच्या दिवशी त्या दारापलीकडे तिला कुणीतरी टाकून दिलं, डॉक्टर बाहेर येऊन दोन वाक्यं बोलले आणि चहा प्यायला गेले. आपल्याला दोघांना त्या दिवशी फक्त दार दिसलं होतं, ताई. आता मी पलीकडची बाजू पाहिली आहे. तिचाही चेहरा कुणीतरी पुसला असेल. तिलाही कुणीतरी "चला" म्हटलं असेल. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून "असेल" लिहितो. पण ज्या हातांनी हे काम करतात ते हात आता मला माहीत आहेत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते लिहितो. त्या दिवशी तू तेवीस वर्षांची होतीस, बाबा आधीच गेलेले, आणि ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म तुझ्यापुढे आला. तू सही केलीस. घरी परत आल्यावर मी तुला म्हणालो, "तू सही कशाला केलीस?" त्यानंतर आपण दोघांनी तो विषय कधी काढला नाही. तू गणवेशांसाठी तारीख ढकलत नाहीस हे मला कळतं. आईचं आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, फुटून चार दिवस झाले होते. तसले किती रिपोर्ट माझ्या हातून टाइप झाले. ऑपरेशन केलं नसतं तर तिला काहीच आशा नव्हती, केल्यावर थोडीशी होती, आणि तू त्या थोड्याशासाठी सही केलीस. हे मला सात वर्षं ठाऊक आहे. तुला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर आधी ते वाक्य माझं होतं हे कबूल करावं लागलं असतं. ते वाक्य चूक होतं, ताई. माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक तीच. तुला काहीही होणार नाही असं मी लिहिणार नाही, तसं कुणालाच लिहिता येत नाही. मी मोजलेलं तेवढं सांगतो. या अकरा महिन्यांत तुझ्यासारखी एकसष्ट ऑपरेशनं पाहिली, एकसष्ट जणी घरी गेल्या. मोठ्या सिस्टरांकडून मी सहा आठवड्यांची सुट्टी घेतली आहे. टायपिंगला सुट्टी लागत नाही. ते घरून करायचं काम आहे, आणि घर कुणाचं ते कुणी विचारत नाही. म्हणूनही ते सोडलं नाही. तीन तारखेला सकाळच्या गाडीने पोचतो. एका टेबलापुरती जागा कर आणि जवळ प्लग असेल असं बघ. सहा आठवडे तुझं मशीन बंद, माझं चालू. राहिलेल्या गणवेशांची बटणं मी लावीन, मोजून. फॉर्मवर तुझी सही तू कर. खालची, नातेवाईकाची, मी करणार आहे, आणि तू बाहेर येईपर्यंत बाकावर बसून राहणार आहे.

तीन तारखेपर्यंत तुझाच,
आणि पुढचे सहा आठवडे तर तुझाच,
धाकटा