बाभळीखालचं पिंप

काष्टी, ९ जानेवारी १९७३

पोचले. केसांत, वहीत, दातांत धूळ. हेगहून विमानाने येऊन शेवटी उतरले कुठे, तर भिंगारच्या घरापासून एसटीच्या एका झोपेवर! दादांनी निघतानाही सोडलं नाही — "दुष्काळ शिकायला हॉलंड, आणि बघायला काष्टी?" कामगार आणि समाजकल्याण धोरण हा माझ्या एम.ए.चा विषय ते शेजाऱ्यांना "लेबरचं कायतरी" म्हणून सांगतात. वडील आहेत, काय बोलणार.

गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू आहे. ते बघायचं, परत जाऊन त्यावर प्रबंध लिहायचा. गोजरबाईच्या पडवीत खाट मिळाली. घरची जमीन भरपूर, पण यंदा त्यांच्यातल्या सासू-सुनाही मातीच्या पाट्या उचलतात.

११ जानेवारी

लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची भाकरी. घशाखाली उतरेना. उतरवली.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ कुठला! मुलांना सरकारी सुकडी वाटली, तीच बायकांनी चिमूट चिमूट एकमेकींच्या हातावर ठेवली.

आणि आज मला घबाड सापडलं. गोजरबाईच्या टोळीत बारा बायका. खणलेल्या मातीची मोजणी होते, मजुरी येईल ती सगळ्यांत सारखी. पण खणतात अकराच! बारावी दगडाबाई. गुडघे गेलेले, मागे कुणी नाही. ती बाभळीखाली बसून असते. फांद्यांना लुगड्यांच्या झोळ्या, झोळ्यांत तान्ही पोरं, रांगती तिच्या मांडीशी.

गोजरबाईला विचारलं, हिला वाटा कसा? ती म्हणाली, "कसा म्हंजे? तिच्यामुळं तर आमचं हात मोकळं हायती."

सरकारचं यात काहीच जात नाही. पाळणाघरावर आमचे प्राध्यापक तासन्‌तास बोलतात, आणि इथे न बोलता चाललंय. यावर एक अख्खं प्रकरण! सरांना आधी कळवायचं नाही. प्रबंधातच चकित करायचं.

१९ जानेवारी

मोजणीला साहेब आले. परदेशात शिकणारी म्हणून मला खुर्ची, चहा, "मॅडम". मी चढले हरभऱ्याच्या झाडावर. बाभळीकडे बोट दाखवून सगळं सांगितलं — अगदी कौतुकाने, बायकांच्या अभिमानाने!

साहेबांनी मुकादम मच्छिंद्रला हाक मारली. "न खणणारी बाई टोळीत कशी?" मी मध्ये पडले, अहो, तिचा वाटा या बायकाच आपल्यातून देतात. "मॅडम, उद्या प्रत्येक टोळीत एकेक म्हातारी बसेल."

दगडाबाईला कामावरून कमी केलं. ती उठली, पदर झटकला, निघाली. झोळीत एक पोर रडलं तशी परत फिरली, त्याला झोका दिला, मग गेली.

गोजरबाईने संध्याकाळी रोजच्यासारखंच वाढलं. चार शिव्या दिल्या असत्या तर जेवण गेलं असतं.

२० जानेवारी

मूर्ख. मूर्ख. मूर्ख.

२२ जानेवारी

गोजरबाईचा नातू रांगत खड्ड्याच्या काठाशी गेला. वरून ढेकूळ आलं, कपाळाला खोक पडली. त्याची आई पाटी टाकून धावली. खोक मोठी नाही.

मग मीच बाभळीखाली बसले. एकाला उचललं की दुसरं भोकाड पसरतं. दुपारपर्यंत मीही त्यांच्यातच जमा.

काम सुटल्यावर भाकरी घेऊन दगडाबाईकडे गेले. माफीचं बोलणं पाठ केलं होतं. तिने भाकरी घेतली आणि आधी विचारलं, "पोरं दिसभर कुनापाशी असत्यात?"

"माझ्यापाशी."

"जमतंय व्हय तुला?"

"नाही."

"त्या बारक्याला पालथं घेत जा. पोटात दुखतंय त्येच्या."

पाठ केलेलं तसंच राहिलं. रडत परत आले.

२५ जानेवारी

सुटलं! मी नाही सोडवलं, गोजरबाईने सोडवलं. कामावर पाणी पाजायला एक बाई ठेवायची मुभा आहे. टँकरचं पाणी पिंपात असतं, ज्याला तहान लागेल तो बुडवून पितो, म्हणून ती जागा कुणी भरलीच नव्हती. गोजरबाई मच्छिंद्रच्या मागेच लागली. आजपासून दगडाबाई पाणी पाजणार.

पिंप होतं रस्त्याकडेला. सकाळी टँकर यायच्या आत चार बायकांनी ते गडगडवत बाभळीखाली आणलं. दगडाबाई शेजारी टेकली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात झोळीची दोरी.

मला हसू आवरेना. गोजरबाई हसली नाही. "आता ह्ये बी सांगशील का कुनाला?"

नाही म्हटलं.

हेग, १७ मे

तोंडी परीक्षा झाली. सरांचा पहिलाच प्रश्न — इतक्या बायका कामावर, मग त्यांच्या तान्ह्या मुलांना कोण सांभाळतं?

म्हटलं, ते बघायचं राहून गेलं.